पाण्याकाठी शिकलेलं इंग्रजी

डिंभ्याच्या धरणाकाठी रिसॉर्ट निघालं, तेव्हा मी तिथे भांडी घासायला लागले. पुढे मालकांनी मला टेबलांवर वाढायला घेतलं. अट एकच, पाहुण्यांशी थोडं तरी इंग्रजी बोलायचं. मी दहावी पास. इंग्रजी वाचता यायचं, पण तोंडातून बाहेर पडायचं नाही.

शिकवायला घोडेगावच्या मारवाडी कापड दुकानदारांची सून यायची. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. दुपारची जेवणं आटोपली, की हॉल पेंगायला लागे. पाण्यावरचा उजेड छतावर हलत राही. वहिनी गिऱ्हाईक होऊन खिडकीपाशी बसायच्या आणि मी ट्रे घेऊन समोर उभी.

"आर यू रेडी टू ऑर्डर?"

"शेवटी आवाज जरा वर न्या. दटावल्यासारखं वाटतंय."

"लई लाज वाटती वो, वहिनी."

"वाटू द्या. वाक्य मात्र अर्ध्यात सोडू नका."

ती वाक्यं माझ्याबरोबर घरी यायला लागली. भाकरी थापता थापता मी पुटपुटायची, "वूड यू लाइक सम मोअर?" एकदा जाळं शिवत बसलेल्या नवऱ्याने मान वर केली.

"काय म्हनती?"

"अजून वाढू का, असं इचारती."

"मंग वाढ की!"

थंडीतल्या एका सकाळी धुकं असं दाटलं होतं, की धरण आहे की नाही ते कळेना. हॉलमध्ये एकच पाहुण्या होत्या. जपानहून आलेल्या, वयस्कर, गळ्यात दुर्बीण. मी घोकलेलं वाक्य म्हटलं. त्या गोंधळल्या. मग एकेक शब्द शोधत म्हणाल्या, "प्लीज, स्लो. माय इंग्लिश, स्मॉल."

परदेशी माणसं इंग्रजी घेऊनच जन्माला येतात, असं मला वाटायचं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी टू!" आम्ही दोघी हसलो.

मी गरम भाकरी आणली. त्यांनी ती आधी दोन्ही हातांत धरली, मग गालाला लावली आणि डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने, वहिनींनी शिकवल्याप्रमाणे, मी विचारलं, "इज एव्हरीथिंग ऑलराइट?"

त्यांनी तो प्रश्न खराच मानला. गळ्यातली दुर्बीण हातात घेतली.

"माय हजबंड," त्या म्हणाल्या, "ही लाइक बर्ड्स. नाऊ, ओन्ली मी."

यावर काय बोलायचं, ते वहिनींनी शिकवलं नव्हतं. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. पाहुण्यांच्या टेबलाशी बसायचं नाही हे ठाऊक होतं, तरी बसले.

"वूड यू लाइक सम मोअर टी?"

"येस. यू टू."

आम्ही चहा प्यायलो. धुकं विरत गेलं, तसं पाणी हळूहळू परत आलं. वाळक्या खोडावर पंख पसरलेला पक्षी दिसला. त्यांनी बोट दाखवून त्यांच्या भाषेतलं नाव सांगितलं. मी म्हटलं, "पाणकावळा." त्यांनी तो शब्द दोनदा घोळवला. मग बगळा आला, टिटवी आली. इंग्रजीची कुणालाच आठवण राहिली नाही.

दुपारी हे सगळं मी वहिनींना सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"अजून चहा देऊ का, म्हनलं. दुसरं कायच येईना."

वहिनींनी माझ्या हातातला ट्रे काढून बाजूला ठेवला. माझा हात धरून त्यांनी मला समोर बसवलं. त्या दिवशी धडा झाला नाही.