हेडसरांच्या माघारी, मेंढरांच्या मागावर

हेडसर गेले त्या दिवसापासून मी सिद्धनाथाशी अबोला धरला होता. आमच्या घराण्याचा देव तो. पण सर सांगलीच्या दवाखान्यात होते तेव्हा सलग पाच रविवार मी म्हसवडला जाऊन त्याच्या पायरीवर डोकं टेकवलं, "सरांना उठव, दुसरं काही मागत नाही" म्हणाले, आणि सहाव्या रविवारी ते गेल्याची बातमी आली. मग कशाला जायचं त्याच्या दारात? माझा स्वभाव मुळातच तापट. माणसांवर रुसते तशी देवावरही रुसले. घरात सांजेला दिवा लावायची, तोही सासूबाईंच्या धाकानं.

सर तासगावकडचे. घरी द्राक्षांचे मळे, आणि नोकरीला आले ते आमच्या माणदेशाच्या माळावर, जिथं बोरी-बाभळीशिवाय काही वर येत नाही. हा माणूस दोन वर्षांत बदली करून घेणार, असं सगळी वाडी म्हणत होती. सर निवृत्त झाले तरी गेले नाहीत. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घरचे बेदाणे असायचे. पाढा बरोबर म्हटला की चार बेदाणे, आणि चुकला तर दोन. "चुकायला पण ताकद लागते," असं म्हणायचे.

आमच्याकडं दिवाळी झाली की मेंढरं पश्चिमेला निघतात, कराडकडच्या पाण्याच्या मुलखात. संसार घोड्यावर, पोरं मेंढरांमागं आणि शाळेतली निम्मी बाकं रिकामी. मीही त्याच बाकांवरची. दुसरा कुणी असता तर हजेरीवर लाल शेरे मारून मोकळा झाला असता. सर एसटीत बसून थेट कराडकडच्या शेतकऱ्यांकडं गेले. तिकडं पीक निघालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवून घेतात आणि धनगराला धान्य देतात. सरांनी एकेका शेतकऱ्याला पटवलं की वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, रानात घेण्याआधी विचारायचं, पोरं कितवीत आहेत? मग ती जवळच्या शाळेत बसवायची आणि संध्याकाळी आपल्या ओट्यावर अभ्यासाला घ्यायची. अशा परक्या ओट्यांवर शिकून मी बाई झाले आणि सरांच्याच शाळेत लागले. आमच्या त्या उजाड वाडीतून फौजी निघाले, नर्स निघाल्या, एक पोरगी फौजदार झाली. हे लिहिताना माझी मान ताठ होते. होऊ दे.

सर जाऊन पंधरा दिवस झाले होते. दहावीतल्या काजलच्या परीक्षेच्या फॉर्मवर तिची सही राहिली होती. वाढवून दिलेल्या मुदतीचेही दोनच दिवस उरलेले, आणि तिच्या वडिलांचा मोबाईल बंद. अशा वेळी वाडा शोधून काढायचं काम सरांचं. निवृत्तीनंतरही ते दरसाल पिशवी घेऊन निघायचे. फॉर्म राहिला तर पोरीचं वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं की लग्न ठरणार, हे आमच्याकडं कुणी फोड करून सांगत नाही. मी फॉर्म पिशवीत घातला आणि पहाटेची एसटी धरली.

निघताना शाळेतले शिपाई म्हणाले होते, "बाई, आदी कुणाला तरी इचारून घ्या." मी हसले. मेंढरांमागं वाढलेली मी. मला काय विचारायची गरज? कराडजवळ मलकापूरच्या पुढं उतरले आणि पाणंदीत ताजी लेंडी दिसताच चालायला लागले. तीन तास चालले. शेवटी कळप गाठला, तर तो फलटणकडचा. त्यांनी काजलचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांच्यातला म्हातारा मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "आवं बाई, लेंडीवर काय गावाचं नाव असतंय व्हय?"

चूक माझीच होती, म्हणून राग जास्त आला. दुपार कलली होती. बांधावर बसले आणि मला रडू फुटलं. सर गेल्यापासून रडले नव्हते ते सगळं तिथं निघालं. सरांनी उभ्या आयुष्यात एक पोर हातची जाऊ दिली नाही, आणि मी पंधरा दिवसांत घालवणार होते. मग इतक्या दिवसांचा अबोला मोडून मी सिद्धनाथाला म्हणाले, "तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पण ती पोर तुझीच आहे. माझ्यानं होत नाही, आता तूच बघ."

डोळे पुसून उठले तेव्हा पाणंदीतून एक स्कूटर येत होती. पांढऱ्या मिशांचे, ताठ बसलेले गृहस्थ माझ्यापाशी थांबले.

"म्हसवडकडच्या शाळंच्या बाई का तुमी?"

"हो. पण तुम्हाला कसं कळलं?"

"हिकडं हातात पिशवी घिऊन रानातनं कोण फिरतंय? काजलचा वाडा माज्या रानात हाय, वढ्याच्या पल्याड. मी ह्या वाटनं कवा येत न्हाई, पर आज आमचा रस्ता खणून ठिवलाय." मग मिशीत हसून म्हणाले, "सरांचा दवाखान्यातनं फोन आल्ता, दिवाळीच्या आदी. म्हणले, यंदा मला जमंल असं वाटत न्हाई, आमच्या बाई येतील. लय हुशार हायत, पर कुणाला इचारायच्या न्हाईत. चुकल्या तर शोधून आणा. सर बरं हायत का आता?"

त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी स्कूटर बंद केली, टोपी काढली आणि पाणंदीच्या कडेला पाय जुळवून उभे राहिले. पंचवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. मग टोपी घालून त्यांनी मला मागं बसायची खूण केली.

मागं बसून जाताना माझ्या मनात एकच हिशेब चालला होता. ज्या दिवसांत मी पायरीवर डोकं टेकवून सरांना मागत होते, त्याच दिवसांत सर अंथरुणावरून या पोरीची सोय लावत होते, आणि माझीही. देवानं माझं मागणं ऐकलं नाही, हे खरं. सरांचं मात्र त्यानं ऐकलं होतं. त्यांनी कदाचित योग्य तेच मागितलं असेल. मी हा चमत्कार आहे असं म्हणत नाही. रस्ता खणला होता म्हणून ते त्या वाटेनं आले, एवढंच. पण हात टेकल्यावरच माणसाला दुसऱ्याचा हात दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं. आणि असा माणूस आपल्याला गुरू म्हणून लाभला, या विचारानं त्या स्कूटरवर मला जो अभिमान वाटला, तसा नोकरीचा हुकूम हातात पडला तेव्हाही वाटला नव्हता.

काजल रानातल्या त्यांच्या घराच्या ओट्यावर भूमितीचं पुस्तक घेऊन बसली होती. तिनं ठळक अक्षरात सही केली. तिची आई मेंढरांना आत घालून हात पुसत आली आणि सरांचं कळताच खाली बसली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "आता आमच्या पोरींकडं कोण बगायचं वं, बाई?"

आजवर या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर होतं, सरांना विचारते.

"मी हाय, वैनी," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग मागं लपलेल्या धाकटीला दंडाला धरून पुढं ओढलं. "हिचंबी नाव लिवून घ्या मग. पुढल्या साली पाचवीला हाय."

मी ओट्यावर बसले आणि त्या पोरीला विचारलं, "नाव काय गं तुझं?"