गिरजामावशीनं विचारलं

गिरजामावशीला अक्षर ओळखता येत नव्हतं, तरी शहापूरच्या आमच्या अध्यापिका वर्गात दर जूनला पहिला धडा तीच घ्यायची. वसतिगृहाची ती स्वयंपाकीण. पदराला हात पुसत उभी राहायची आणि नव्या मुलींना, गुरुजींना, शिपायालासुद्धा एकच गोष्ट सांगायची. एरवी मला हसू आलं असतं, पण त्या गोष्टीत मी होते, आणि त्यात माझं काही भूषण नव्हतं.

एकोणीसशे चौसष्टचा एप्रिल. एका सकाळी निकाल लागला आणि माझ्या खोलीतली भिमी नापास झाली. खर्डीकडच्या तिच्या पाड्यावरची शिकलेली ती पहिलीच मुलगी; शाळेतली बाई होऊन येणार म्हणून सगळा पाडा वाट बघत होता. ती रडली नाही. आम्ही शहाण्या मुलींनी ठरवलं, बिचारीला एकटं राहू द्यावं. आमचे राघो गुरुजीही तेच म्हणाले. दुपारपर्यंत तिने हिरवं लुगडं एकीला दिलं, आरसा दुसरीला, आणि शाईचं पेन मला. त्या पेनावर माझा वर्षभर डोळा होता. खरं सांगते, मला आनंद झाला.

पेन पोलक्याला लावून मी मिरवत जेवायला गेले. ते दिसताच भाकरी भाजणाऱ्या मावशीचा हात थांबला. कुणी दिलं, आणखी कुणाला काय दिलं, सगळं तिने विचारून घेतलं. मी सांगत गेले तसा तिचा चेहरा उतरत गेला. मग तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती उठली. तिच्या हातून भाकरी करपलेली मी कधी पाहिली नव्हती. मी तिच्यामागे धावले.

खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. भिमी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मावशी तिच्याशेजारी टेकली आणि सरळ म्हणाली, "भिमे, जीव द्यायचं मनात हाय का गो तुज्या?"

मी हादरले. असलं अभद्र तोंडातून काढायचं? मनात नसेल तर भरवून द्यायचं? मावशीचा मला रागच आला. मावशी भिमीचा हात धरून तशीच बसून राहिली. करपल्याचा वास खोलीपर्यंत आला.

"हाय," भिमी म्हणाली. आणि मग हमसून हमसून रडली.

मावशीने मला गुरुजींकडे पिटाळलं. गुरुजी आले ते उपदेश करतच. तिने त्यांना दारातच अडवलं.

"आता काय बी सांगू नका. नुसतं बसा. हिला एकटी सोडायची नाय."

तिथेच तिने आम्हाला सांगितलं, तिच्या भावाने, यमाजीने, जीव देण्याच्या आदल्या दिवशी आपल्या नव्या वहाणा शेजाऱ्याला देऊन टाकल्या होत्या. "मी बघितलं व्हतं. अभद्र बोलू नाय म्हणून इचारलं नाय."

गुरुजी मुकाट्याने खाली बसले. संध्याकाळच्या गाडीने शिपाई भिमीच्या आईला घेऊन आला. चार दिवस आम्ही पाळीपाळीने भिमीजवळ राहिलो. मावशी तिला भाजी निवडायला बसवायची आणि ती बोलली की ऐकून घ्यायची. मला त्या पेनाकडे बघवत नव्हतं, आणि ते परत द्यायचा धीरही होत नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी भिमी चुलीपाशी आली आणि तिने माझ्यापुढे हात केला.

"माजं पेन दे," ती म्हणाली. "ऑक्टोबरच्या परीक्षेला बसायचं हाय मला."

मावशीने भाकरी थापायची थांबवली आणि पदर डोळ्यांना लावला.