कुंदाबाईंचे रिकामे डबे

कुंदा आंगणे ही घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या बैठ्या चाळीत एकटी राहणारी बाई. शाळेत सातवीला इंग्रजी शिकवायची. तोंडाचा पट्टा अखंड चालू, आणि हसणं असं खळखळून की वर्गाबाहेरचा शिपाईही उगाच हसायचा. पण नोकरी? तात्पुरती! कुणी रजेवर गेलं की कुंदाबाईंना बोलावणं, रजा संपली की कुंदाबाई घरी. चौऱ्याऐंशी साल उजाडलं तरी तीच रड. देवगडचा भाऊ सारखा म्हणायचा, "पुरे झाली तुझी मुंबई, गावी ये." शेवटी कंटाळून तिने कबूल केलं होतं, यंदा कायम झाले नाही तर येते बाबा.

आणि मुख्याध्यापक विद्याधर सरांनी सांगितलं, "बाई, सोमवारी तपासणीचे साहेब तुमचा पाठ बघणार. कायम करायचं की नाही ते त्यावरच ठरेल."

पाठ निघाला काउंटेबल आणि अनकाउंटेबल नाउन्सचा. मोजता येणारी नामं आणि मोजता न येणारी. हे कोरडं प्रकरण पोरांच्या गळी कसं उतरवायचं? कुंदाने डोकं लढवलं. पाणी मोजता येत नाही, पण पाण्याने भरलेले डबे येतात ना! वर्गात रिकामे डबे मांडायचे आणि माठातलं पाणी ओतून दाखवायचं. एकदम झकास. आता एकटीच्या घरात डबे असून असून किती असणार? रविवारी नळावर तिने बायकांना सांगितलं, "उद्या शाळेसाठी रिकामे डबे द्या गं मला."

इथेच घोळ झाला. अहो, कोकणातल्या बायका त्या! शेजारणीला रिकामं भांडं द्यायचं म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर येतं. त्यातून कुंदाची एवढी परीक्षा. सकाळी दारात शेजारच्या शेवंतीकाकूंनी घरोघरचे गोळा केलेल्या डब्यांची पिशवी तयार होती. उचलताना जड लागली, पण धास्तीपायी आत बघायचं सुचतंय कुणाला! पाठ पुटपुटत कुंदा तरातरा निघाली.

साहेब मागच्या बाकावर आठ्या घालून बसलेले, शेजारी विद्याधर सर. "धिस डबा इज एम्प्टी," असं ठसक्यात म्हणत तिने झाकण काढलं. आत बेसनाचे लाडू! पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. दुसऱ्यात साखर, तिसऱ्यात शेव. चौथा उघडला मात्र, सुक्या जवळ्याच्या चटणीचा घमघमाट सुटला आणि विद्याधर सरांनी नाकाला रुमाल लावला.

वाट लागली! कुंदाच्या डोळ्यांपुढे देवगडची एसटी उभी राहिली. रडू अगदी ओठांपर्यंत आलं. मग तिला शेवंतीकाकूंचा मनस्वी राग आला, आणि त्या रागातच कुठूनसं हसू फुटलं. जायचंच असेल तर निदान हसत तरी जाऊ.

"चला, हाऊ मेनी लाडूज?"

"सेव्हन!" वर्ग ओरडला.

"आणि साखर? हाऊ मेनी?"

"मेनी नाही बाई, हाऊ मच!" पहिल्या बाकावरची लता म्हणाली.

"शाबास! शेव?"

झालं, जुंपली. निम्मी पोरं म्हणाली मच, निम्मी म्हणाली मेनी. "एकेक काडी मोजता येते की!" एक जण हटून बसला.

"मोज मग. शाळा सुटली की मला उठव," कुंदा म्हणाली.

तेवढ्यात मागून साहेबांचा आवाज आला, "आणि जवळा?"

लता हळूच म्हणाली, "मोजेपर्यंत उरेल का, साहेब?"

साहेब पोट धरून हसले. जाताना म्हणाले, "बाई, तुम्ही ठरवून आणलेला पाठ हा नव्हता, ते कळलं मला. पण तो बिघडल्यावर जे शिकवलंत ना, ते मुलं विसरायची नाहीत. तुम्हाला कायम करा म्हणून आजच लिहितो."

चाळीत सगळ्या बायका दारातच उभ्या होत्या. काकूंना फैलावर घ्यायचं असं वाटेत ठरवलेलं, पण त्यांना बघितलं आणि कुंदाला एकदम भरून आलं.

"काकू, मला कायम करतायत."

इंग्रजीचं, तपासणीचं काकूंनी काहीच विचारलं नाही. "म्हणजे तू आता गावाक जावचंस नाय ना?"

"नाही."

काकूंनी पदराने डोळे टिपले आणि खेकसल्या, "मगे उभी कित्याक? चल जेवूक."