दुधातल्या तिसऱ्या

आमच्या घरात मासळीच्या दिवशी दुधाचं पातेलं ओट्यावरसुद्धा ठेवत नसत. सासूबाई मालवणच्या. "म्हावऱ्यावर दूध पिवचा नाय, कोड येतला," हे त्यांचं वाक्य मी लग्न होऊन परळच्या खोलीत आले त्याच आठवड्यात पाठ केलं. पुढे सासूबाई गेल्या, चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, आम्ही अकराव्या मजल्यावर राहायला गेलो, पण तो नियम लिफ्टमधून आमच्याबरोबर वर आला. त्याचा खरा राखणदार माझा नवरा. तो जहाजावर इंजिनात नोकरीला होता, वर्षातले बरेच महिने बाहेरच. रजेवर आला की लेकीच्या हातातला दुधाचा पेला काढून घ्यायचा. "दुपारी बांगडा खाल्लास ना? मग आता दूध नाही." लेक रडायची आणि मी बापाची बाजू घ्यायचे.

तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. लिहिताना 'तो' म्हणणार आहे. एवढी तरी मुभा मला असावी.

त्याला स्वयंपाकघरातलं काही येत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. "मला चहासुद्धा जमत नाही," हे तो कौतुकानं सांगायचा आणि त्याच्याहून जास्त कौतुकानं मी. मला टायफॉइड झाला तेव्हा तो रजेवर घरीच होता. खानावळीतून डबा आणायचा, आणि चहा करून द्यायला शेजारची बाई यायची. "जहाजावर तरी काय करता हो?" असं तिनं एकदा विचारलं, तर म्हणाला, "तिथे भंडारी असतो ना रांधायला. तो आम्हाला चुलीच्या आसपास फिरकू देत नाही." आम्ही दोघी हसलो. मला वाटलं, किती भोळा आहे बिचारा.

आता तो निवृत्त होऊन घरी असतो. गेल्या थंडीत लेक राहायला आली होती. तिनं मोबाइलवर मला एक पांढरंधोप, दाट सूप दाखवलं. "आई, याला क्लॅम चाऊडर म्हणतात. आपल्या तिसऱ्याच गं, फक्त दुधात. करूया ना!" मी नवऱ्याकडे बघितलं, म्हटलं आता हा भडकणार. तर पेपरातून मान वर न करता म्हणाला, "करा की. काही होत नाही." तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण मी आपली खूश, की निवृत्त झाल्यावर माणूस निवळला.

रविवारी सकाळी दादरच्या बाजारातून तिसऱ्या आणल्या. कोळीण ओळखीची. "घे गं ताई, बघ, सगळ्यांची तोंडं मिटलेली हायत," म्हणत तिनं दोन वाटे पिशवीत ओतले. एक लेकीच्या सुपासाठी, एक आमच्या नेहमीच्या सुक्यासाठी. मिठाच्या पाण्यात ठेवून रेती काढली. पहिला वाटा मी सवयीनं विळीवर उघडला आणि एकेक शिंपी मांसासकट ठेवली. लेक म्हणाली, "अगं, सुपात शिंपल्या काय करायच्यात?" पण तिसऱ्या म्हटलं की माझा हात तसाच चालतो. तो तसाच पुढेही चालला. दूध उकळी धरत होतं, तिसऱ्या आत पडल्या होत्या, आणि मी डब्यातली चार आमसुलं काढून पातेल्यात टाकली. आमसुलाशिवाय तिसऱ्या आमच्याकडे कुणी बघितलेल्याच नाहीत. क्षणात दूध फाटलं. जांभळट पाणी एकीकडे, चोथा एकीकडे.

"आई!" लेक ओरडली. त्या आवाजानं नवरा आत आला.

पातेल्यात डोकावून तो हसला. "आमसूल घातलंस? सरक."

त्यानं खुंटीवरचं फडकं खांद्यावर टाकलं. दुसरा वाटा मोठ्या पातेल्यात ओतला, घोटभर पाणी घातलं, झाकण ठेवलं आणि झाकण न उचलता पातेलं दोन्ही हातांनी हलवलं. सगळ्या तिसऱ्या आपोआप उघडल्या. त्यांचं पाणी फडक्यातून गाळलं, तळाचं रेतीचं पाणी मात्र तसंच ठेवलं. बटाट्याच्या फोडी अशा झरझर केल्या, की सगळ्या एका मापाच्या. लोण्यावर कांदा, कांद्यावर मैदा, आणि मैद्याचा रंग बदलायच्या आधी गॅस बारीक. मग तिसऱ्यांचं पाणी, बटाटे, आणि बटाटे मऊ झाल्यावर वेगळं गरम केलेलं दूध आणि साय. मांस अगदी शेवटी. मी फ्रिजला टेकून बघत होते. खोटं कशाला बोलू, आधी मला अभिमान वाटला.

त्यानं डावातला थेंब तळहातावर घेऊन चाटला, आपण बायका घेतो तसा. मग पातेल्यावरची नजर न काढता डावा हात वर नेला, शेगडीच्या डाव्या अंगाला, डोक्याच्या जरा वर. हात तिथे हवेत चाचपडला आणि थांबला.

माझ्या स्वयंपाकघरात त्या जागी कोरी भिंत आहे. फळी नाही. चाळीतल्या खोलीतही नव्हती.

त्यानं हात खाली घेतला. "मिरपूड कुठाय?" मी दिली.

लेकीनं दोन वाट्या खाल्ल्या, वर खारी बिस्किटं चुरून. तीही त्याचीच सूचना. "बाबा, कुठे शिकलात?" "जहाजावर." लेक मैत्रिणीकडे गेली तेव्हा भांडी घासता घासता मी विचारलं, "मिरी त्या फळीवर असायची का?"

माझा नवरा कुठली फळी, असं म्हणाला नाही. खिडकीतून शिवडीकडच्या गोदामांकडे बघत त्यानं सांगून टाकलं. त्यांचं जहाज सारखं लागायचं असं एक बंदर होतं. तिथे एक बाई होती. कितीतरी वर्षं. आता नाही, केव्हाच संपलं.

"आणि रांधायचं?"

"ती आजारी असायची. थंडीत तिला दुसरं काही जायचं नाही. म्हणून शिकलो."

बाई होती याचा राग आलाच. दर्यावर्दी नवऱ्याच्या बायका ही भीती उशाशी घेऊनच झोपतात. पण हा तिच्यासाठी बटाटे चिरत होता, तिचं दूध वेगळं तापवत होता, आणि माझ्या टायफॉइडमध्ये चहाला शेजारीण बोलवत होता! माझ्या लेकीच्या हातातला पेला काढून घेणारा माणूस तिकडे पोटभर दुधातल्या तिसऱ्या खात होता. मी फसले होते, आणि वर जगाला त्याचा भोळेपणा हसून सांगत होते. घासणी हातातून फेकून मी त्याला हे सगळं सुनावलं.

संध्याकाळी तो सवयीनं म्हणाला, "चहा टाकतेस ना?"

"तुम्हीच टाका," मी म्हटलं.

तो उठला. आत डब्यांचा आवाज झाला, आलं ठेचल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं त्यानं कप माझ्यापुढे ठेवला. मी एक घोट घेतला. साखर मला लागते तेवढीच होती, आलं मी घालते तेवढंच. चहा उत्तम झाला होता, आणि तेव्हा मला रडू आलं.