कानशीचा ओरखडा

युफेमिया आर्चुलेता माझी कोमाद्रे. तिच्या मुलीची मी धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना याच नावाने हाक मारतो. आमची परसं एकमेकींना लागून. तिच्या नवऱ्याला कुणी चोर म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि आता तर तो सरकारी चोर आहे.

सेलेस्तिनो टाकसाळीत ठसे बसवायचा. फसलेलं नाणं दिसलं की त्यावर कानशीने आडवा ओरखडा मारायचा, म्हणजे ते भट्टीतच जाईल, चुकून बाजारात जाणार नाही. हाताला इतकी सवय की घरी जळलेल्या तॉर्तियावरही, म्हणजे आमच्या मक्याच्या भाकरीवरही, सुरीने रेघ ओढून मग ती कोंबड्यांना टाकायचा. आम्ही खूप हसायचो.

तांबं महाग झालं तेव्हा टाकसाळीने तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची सेंटची नाणी पाडून पाहिली. बेत बारगळला, नाणी वितळवली. एक राहिलं. सेलेस्तिनो निवृत्त झाला त्या दिवशी फोरमन टॅकेटने हात मिळवताना ते त्याच्या तळव्यात ठेवलं. तिथली रीतच होती ती. जाणाऱ्याच्या हातात काहीतरी ठेवायचं, कुणी बोलायचं नाही, आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्या दिवशी डबा उघडायचा नाही. त्याची पावती मागणारा माणूस अजून जन्मायचा होता.

सेलेस्तिनो वारल्यावर युफेमियाला वाटलं, नाण्याला काचेची डबी करावी नि त्याच्या फोटोपाशी ठेवावी. म्हणून ती नाण्यांच्या दुकानात गेली. हात दाखवून अवलक्षण! दुकानदाराने गावभर केलं, आणि थोड्याच दिवसांत दोन सरकारी माणसं दारात उभी.

तिने त्यांना कॉफी दिली, घरची बिस्कोचितो बिस्किटं दिली. मेल्यांनी ताटली साफ केली. मग एकाने कागद पुढे सरकवला. नाणं चोरीचं आहे, ते परत करत आहे, इथे सही.

"नाणं न्या," युफेमिया म्हणाली. "तेवढा चोरीचा शब्द खोडा नि न्या."

"शब्द खोडता येत नाही, बाई."

"मग नाणंही मिळत नाही. उठा."

ते गेल्यावर मी म्हटलं, "कोमाद्रे, कर सही नि मोकळी हो. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"तुझ्या म्हाताऱ्याबद्दल देशील असं लिहून?"

मी रिकामी ताटली उचलून धुवायला नेली.

खटला उभा राहिला. टॅकेट कधीच वारला होता. त्याच्या मुलाने हात झटकले, "आमच्या वडिलांनी सरकारी वस्तू कुणाला देणं शक्यच नाही." बरोबर आहे. टॅकेटने देणं शक्य नाही, आर्चुलेताने चोरणं मात्र अगदी शक्य!

तरी युफेमियाला धीर होता. साक्षीला ती चर्चला जायचा निळा झगा घालून गेली. सरकारी वकीलबाई फार गोड बोलायची.

"नाण्यावर हा ओरखडा कुणी मारला, आजी?"

युफेमियाचा चेहरा खुलला. याच प्रश्नाची ती वाट बघत होती.

"माझ्या म्हाताऱ्याने! घरी आल्या आल्या, जेवायच्याही आधी. म्हणाला, चुकून कुणी खर्चून टाकायला नको. सरकारी चलन नाही ते. इतका सरळ माणूस होता हो!"

"म्हणजे हे नाणं भट्टीत जायला हवं होतं, हे त्यांना ठाऊक होतं?"

"ठाऊक नसेल कसं? टाकसाळीत जन्म गेला त्याचा!"

"धन्यवाद, आजी."

आमच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. युफेमिया माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, जिंकलो. निकाल लागेपर्यंत तिला तसंच वाटत होतं, आणि तिला खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

निकालात लिहिलं होतं, ओरखड्यावरून दिसतं की नाणं वितळवायचं होतं हे जाणूनच त्याने ते नेलं. नाणं सरकारजमा.

मग त्यांनी ते वितळवलं? छे! राजधानीत काचेच्या कपाटात, मखमलीवर ठेवलं. यंदा युफेमियाच्या मुलीने आम्हा दोघींना तिथे नेलं. खाली पाटी होती, 'कामगाराने चोरलेले, परत मिळवलेले'. युफेमियाने ती वाचली. मग काचेला नाक लावून नाण्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"दादा," तिने पहारेकऱ्याला हाक मारली, "हे पालथं ठेवलंय. ओरखडा खाली गेला."

"काचेला हात लावू नका, बाई."

"एवढं उलटून ठेवा ना. लोकांना दिसू दे."

"मागे व्हा, बाई," तो म्हणाला.