उंच केलेली पिकअप

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत मी शेजारच्या गॅरेजसमोर उभा होतो. तिथे एका जुन्या पिकअपला मागे स्प्रिंगचे जादा पाटे घालून आणि पुढूनही थोडं उचलून ती उंच केली होती. गाडी रोपवाटिका चालवणाऱ्या नवरा-बायकोची. त्यांच्या वाटेत ओढा लागतो. रोपं भरली की गाडीचं पोट दगडांना घासायचं आणि निम्मी रोपं कलंडायची.

"आता नाही घासणार," मिस्त्री म्हणाला. नवरा खूश झाला. बायको मात्र दार उघडून तशीच उभी राहिली. साठीची बाई, गुडघे दुखरे. दोनदा प्रयत्न करूनही पाय वर पोचेना. ती कसनुसं हसली.

"तुम्ही व्हा पुढे. मी एसटीनं येते."

आपण काही उंच करतो तेव्हा कुणीतरी खाली राहतं, आणि बहुतेकदा ते माणूस तक्रारही करत नाही.

नवरा तिच्यापुढे एक गुडघा टेकून बसला आणि दुसरी मांडी थोपटत म्हणाला, "ठेव पाय."

"अहो, तुम्हाला पाय लावू? लोक बघतायत."

"बघू देत."

तिनं चपला काढल्या, त्याच्या मांडीवर पाय ठेवला आणि चढली. बसल्याबरोबर वाकून तिनं त्याच्या खांद्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

तो उठला. पँटवर तिच्या पावलाचा धुळकट ठसा उमटला होता. तो न झटकताच त्यानं गाडी सुरू केली.