मीठ, कोळसा आणि तांब्याभर पाणी

विजेला अहोजाहो करणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच सापडेल, आणि तो म्हणजे माझे थोरले मामा. वीज आली की लोक म्हणतात "लाइट आली", मामा म्हणतात "बाईसाहेब आल्या". गेली की "बाईसाहेब बाहेर गेल्यात, येतील". उमेदीची सगळी वर्षं त्यांनी लाइनमन म्हणून खांबांवर काढली. निवृत्त झाल्यावर ते ईट गावाजवळच्या शेतात, दहा बाय बाराच्या पत्र्याच्या खोलीत मामींसह राहायला गेले. पण खांबावरून ते मनानं कधी उतरलेच नाहीत. शर्टाच्या खिशात टेस्टर नसेल तर त्यांना उघडं पडल्यासारखं वाटतं. कुणाच्या घरी सांत्वनाला गेले तरी दोन शब्द बोलून त्यांची नजर हळूच भिंतीवरच्या बोर्डाकडे जाते. भूमला आमच्या नात्यातल्या एका लग्नात तर त्यांनी मंगलकामना चालू असतानाच जनरेटर बंद केला, कारण मांडवातल्या वायरचा एक जोड चिकटपट्टीऐवजी प्लास्टिकच्या पिशवीनं बांधलेला त्यांना दिसला. लाउडस्पीकर गप्प, नवरदेव घामाघूम, पाहुणे खवळलेले. मामा शांतपणे जोड सोडत म्हणाले, "आधी नवरा-नवरी जित्ती ऱ्हाऊ द्या, मग संसाराचं बगू."

आजूबाजूच्या शिवारात फुकटच्या विजेसाठी तारेवर आकडा टाकणं म्हणजे विहिरीत बादली सोडण्याइतकं सहज. मामांना कुणी तसं सुचवलं की त्यांचे कान लाल होतात. "जिच्या जिवावर हयात काढली, तिच्याच पदराला हात घालू व्हय?" माझ्यासारख्या मुलीला मामांचा अभिमान वाटावा तो इथंच. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली. बाराखडी पुरी व्हायच्या आधी मला 'निषेध' हा शब्द लिहिता येत होता. तत्त्वासाठी वाकड्यात जाणारा माणूस मला सख्ख्या नात्याहून जवळचा वाटतो, आणि हा तर नात्यातलाच होता.

गेल्या थंडीत मामींचा दमा बळावला. स्वयंपाक गॅसवर होत असे, पण अंघोळीचं पाणी अजून तुराट्या जाळून चुलीवरच तापे, आणि तो धूर त्यांच्या छातीत बसला होता. डॉक्टरांनी बजावलं, "धूर बंद. पुन्हा धुरात बसलात तर मी जबाबदार नाही." मामी सोलापूरला लेकीकडे गेल्या, पण तिसऱ्या मजल्यावर त्यांचं मन लागेना. रोज फोन यायचा, "अवो, म्या कवा येऊ?" मामा म्हणायचे, "धुराची सोय झाली की." आणि एक दिवस ते भूमच्या बाजारातून टाकी नसलेला गिझर घेऊन आले. उशीएवढं पांढरं यंत्र. पाणी त्यातून जाता जाताच तापतं, साठवायचं काही कामच नाही.

मला वाटलं, दोन खिळे ठोकले की झालं, परवा मामी घरी. मी तसं म्हणालेही. मामांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "पोरी, ह्ये घाईचं यंत्र हाय. म्हून आपुन घाई करायची न्हाय."

मग त्यांनी जी सावकाशी धरली तिला तोड नाही. आधी रीतसर अर्ज देऊन मीटरचा भार वाढवून घेतला. खोलीची जुनी वायर काढून मीटरपासून जाड वायर ओढली. पत्र्यावरच्या ड्रमातून नळाला पाणी जोरात येत नव्हतं, म्हणून लोखंडी घोडा करून ड्रम आणखी वर चढवला. खालून पाहिलं की मचाणावर कुणी राखणदार बसल्यासारखा वाटायचा. आठवडे गेले. सोलापूरचा फोन रुसका होत चालला. "माज्याबिगर बरं करमतंय तुमाला!" मामी म्हणायच्या.

अशात शेजारच्या रानातल्या काकू माझ्या आईला सांगून गेल्या, "तुज्या भावानं न्हाणीमागं खड्डा खांदलाय. त्यात मीठ घातलंय, कोळसा घातलाय. रोज सकाळी त्यावर तांब्याभर पानी सोडतोय. बायकूसाठी कुटला तरी तोडगा दिसतोय."

माझं डोकंच फिरलं. ज्या माणसानं आयुष्यभर बावीस प्रतिज्ञा पाळल्या, तो मीठ-कोळसा पुरून तोडगे करतो? रक्ताचं नातं बाजूला ठेवून मी एकाच बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा होता : 'तांब्यातली गुलामी'. शेवटी तीन उद्गारचिन्हं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात पोचले तेव्हा मामा खरंच वाकून खड्ड्यावर पाणी सोडत होते. मी तिथंच उभी राहून खणखणीत आवाजात ते पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मामांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाले, "लिवलंयस लई झ्याक. पन ह्ये अर्थिंग हाय."

खड्ड्यातून वर आलेला पाइप आणि त्याला कसलेली तार मला तेव्हा दिसली. यंत्रात कुठं गळती झालीच तर वीज माणसाच्या अंगातून न जाता या तारेनं जमिनीत उतरते. आणि आपली जमीन कोरडी, म्हणून मीठ-कोळसा घालून, रोज पाणी सोडून ती ओली ठेवायची. एवढं सांगून मामा खड्ड्याच्या काठावर बसले. मग, कधी नव्हे ते, हळू आवाजात बोलले. "नोकरीत असताना एका न्हाणीतनं बाई उचलून भाईर आनली म्या. डोईवरचा साबन तसाच व्हता. त्या घराला अर्थिंग न्हवतं. तुजी मामी वल्ल्या अंगानं त्या नळाला हात लावनार हाय, पोरी."

मी पत्रक घडी करून पर्समध्ये ठेवलं. आयुष्यात मागं घेतलेलं माझं ते एकमेव पत्रक.

गिझर लागल्यावरही मामी लगेच आल्या नाहीत. मामांनी येऊ दिलं नाही. आठ दिवस त्यांनी सकाळ-संध्याकाळ स्वतःच त्याखाली अंघोळ करून पाहिली. इतके स्वच्छ मामा गावानं कधी पाहिले नव्हते. अखेर मामी आल्या, न्हाणीत गेल्या. मामा बाहेर मेन स्विचवर हात ठेवून उभे. "दिवा लागला का? पानी आलं का? झिणझिण्या न्हाईत न्हवं?" आतून आवाज आला, "अवो, गप ऱ्हावा की! जल्मात पयल्यांदा निवांत अंगुळ करतीय." बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या केसांतून वाफ निघत होती, आणि त्या खोकत नव्हत्या. "पाच किलो खडेमीठ कुटं गेलं माजं?" एवढंच त्यांनी विचारलं.

सध्या मामा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला आहेत. वाकायचं नाही, उन्हात जायचं नाही. उन्हाळा तापलाय, जमीन तडकलीय. रोज सकाळी मला फोन येतो. "घातलं का?" एवढंच. मी शेतात जाते. बहुतेक वेळा खड्ड्यावरची माती आधीच ओली असते आणि मामी दारात बसलेल्या असतात. "तू इसरशील म्हून म्या घातलं," त्या म्हणतात. तरी मी तांब्या भरून आणते आणि पुन्हा ओतते. माती तेही पिऊन टाकते. मग मी फोन करून सांगते, "घातलं, मामा." डोळ्यांवर पट्टी बांधून बसलेला तो माणूस मला इथून स्पष्ट दिसतो, हात अजून मेन स्विचवर ठेवून उभा असल्यासारखा.